मंगळवारची धडधड: हप्ता, अब्रू आणि एका शेतकरी बाईचं आजारपण

ही नोंद मराठवाड्यातल्या एका गावाची आहे. बाईंची ओळख पटू नये म्हणून नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. गाव आणि कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. इथे त्यांना सुमनताई म्हणू. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी गाळल्या.

पार्श्वभूमी

सुमनताई ३९ वर्षांच्या. घरी नवरा, सासू, बारावीनंतर नर्सिंगला गेलेली मुलगी आणि नववीतला मुलगा. अडीच एकर जमीन, त्यात खरिपाला सोयाबीन आणि पाणी राहिलं तर हरभरा. उरलेले दिवस दोघंही दुसऱ्याच्या रानात मजुरीला. खर्च वजा जाता वर्षाची आवक एक लाख आठ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सरासरी नऊ हजार. सरासरी असं म्हटलं तरी पैसा सरासरीने येत नाही. तो सुगीला येतो, खुरपणीच्या दिवसांत थोडा येतो, आणि मधले दोन-तीन महिने येतच नाही. हप्ता मात्र दर आठवड्याला येतो. या प्रकरणातलं निम्मं दुखणं या एका विसंगतीत आहे.

घरावर तीन कर्जं होती, तिन्ही बायकांच्या गटांना बिनतारण कर्ज देणाऱ्या कंपन्यांची आणि सुमनताईंच्या नावावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोअरच्या मोटारीसाठी ३५,००० घेतले, त्याचा हप्ता आठवड्याला ४२५. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी दुसऱ्या कंपनीकडून ४०,००० घेतले, हप्ता ४८५. पुढे सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सोयाबीन उभं असतानाच पाण्यात गेलं. पंधरा क्विंटल धरलेलं पीक आठ क्विंटलवर आलं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. खरेदी केंद्रावर आधी ओलाव्याची अट १२ टक्क्यांची होती, ती नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. पण काढणीची मजुरी द्यायची होती आणि हप्ते तुंबले होते, त्यामुळे तोवर थांबणं या घराला जमलं नाही. माल व्यापाऱ्याला ४,०५० च्या भावाने गेला. सगळा मिळून पैसा आला ३२,४००. पेरणीपासून मळणीपर्यंतचा खर्चही त्यातून निघाला नाही.

नोव्हेंबरातच सुमनताईंनी शेजारच्या गावातल्या गटातून तिसरं कर्ज काढलं, ३०,००० रुपये, एक वर्षाच्या मुदतीचं, हप्ता ६५०. त्यातून आधीच्या दोन कर्जांचे थकलेले हप्ते आणि काढणीची मजुरी भागवली. हे कर्ज नवऱ्याला माहीत नव्हतं.

आठवड्याला एकूण १,५६० रुपये, महिन्याला साधारण पावणेसात हजार. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपये एका आठवड्याच्या हप्त्यालाही पुरत नव्हते.

आमच्याकडे त्या कशा आल्या

मी उपजिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या मानसिक आरोग्याच्या पथकात समुपदेशक आहे. मानसोपचारतज्ज्ञ आमच्याकडे गुरुवारी येतात. ३० जानेवारी २०२५ च्या गुरुवारी गावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, सुमनताईंना घेऊन आल्या. आशाताईंना खटकलेली गोष्ट एकच होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात हळदीकुंकू चालतं, आणि दर वर्षी सगळ्यांच्या आधी ताट घेऊन निघणारी ही बाई यंदा कुणाच्याही दारात गेली नव्हती. दळण अंधार पडल्यावर आणत होती आणि पाण्यालाही पहाटे जात होती.

सुमनताई स्वतः मात्र धडधडीचं सांगत होत्या. “छातीत धडधडतंय, डोकं जड पडतंय, जेवण जात न्हाई. रातच्याला डोळ्याला डोळा लागत न्हाई.” प्राथमिक आरोग्य केंद्राचे पाच केसपेपर त्यांनी पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले. प्रत्येकावर आम्लपित्ताची गोळी, बी-कॉम्प्लेक्स आणि कधी वेदनाशामक. ईसीजी एकदा काढलेला, तो ठीक होता. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आम्ही तपासून घेतलं. रक्त थोडं कमी होतं, पण एवढ्या त्रासाला ते कारण पुरेसं नव्हतं.

मी तारखा पाहत होते. १९ नोव्हेंबर, ३ डिसेंबर, १७ डिसेंबर, ३१ डिसेंबर, ७ जानेवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावून पाहिल्या तर पाचही मंगळवार निघाले. मी विचारलं, “ताई, बुधवारी काय असतं?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बुधवारी हप्ता असतो की.”

अडचण नेमकी कुठे होती

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची साधी पट्टी आहे, जास्तीत जास्त गुण २७. सुमनताईंचे १८ आले. पंधराच्या पुढे गेलं की त्रास बऱ्यापैकी तीव्र धरतात. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा असतो. तो मी कधीही आडून विचारत नाही. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट कुणीतरी विचारल्याने माणूस मोकळा होतो. त्या म्हणाल्या, “वाटतं कधी कधी. सकाळ व्हायलाच नको वाटतं. पण पोरगी शिकायलीय.” ठरवलेलं असं काही नव्हतं, आधी कधी प्रयत्नही केलेला नव्हता. घरात फवारणीचं औषध होतं.

निदान अवघड नव्हतं. त्या आजारी का पडल्या, हे समजायला वेळ लागला. कर्जाची काळजी एवढंच ते नव्हतं. हे कर्ज गटाचं असतं. तारण काही नसतं, दहा बायका एकमेकींच्या जामीन असतात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊ जणींनी भरायचा, आणि तो भरेपर्यंत बैठकीतून कुणी उठायचं नाही. डिसेंबरात दोनदा सुमनताईंचा हप्ता चुकला. त्या दिवशी रोजगार बुडवून नऊ जणी दोन-दोन तास ओसरीवर बसून राहिल्या. त्यांत त्यांची सख्खी जाऊ होती. जावेने त्यानंतर बोलणं टाकलं. कंपनीचा माणूस ओरडला, पण त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच. “साहेब बोलला ते जाऊ द्या मॅडम, त्यो परका. पण ज्या बायांनी माझ्या लेकीच्या बारशाला पाळणा म्हटला, त्या माझ्याकडं बघना झाल्या.”

अडीअडचणीला धावून येणारी माणसं याच गटात होती, आणि वसुलीचा दाबही त्यांच्याच हातून येत होता. म्हणून सुमनताईंना आधाराला जायला जागा उरली नव्हती. ग्रामीण मानसिक आरोग्याबद्दल बोलताना आपण “गावात माणसं असतात, शहरासारखा एकटेपणा नसतो” असं सहज म्हणून जातो. चारशे उंबऱ्यांच्या गावात एखाद्या बाईला अंधारात दळण आणावं लागतं, हे मी इतक्या जवळून याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या कर्जाचा माणूस शुक्रवारी यायचा. ते चोरून घेतलेलं असल्यामुळे सुमनताई त्याला एसटी थांब्यावर गाठून पैसे द्यायच्या. जानेवारीत एक हप्ता चुकला तेव्हा तो रात्री साडेआठला घरी आला. नवरा कीर्तनाला गेला होता म्हणून त्या दिवशी निभावलं.

समोर कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सरळ होता. नैराश्याचं औषध सुरू करायचं, समुपदेशन करायचं आणि कर्जात हात घालायचा नाही. आमच्या पथकात याच्या बाजूने बोलणारे होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आम्ही वसुलीच्या भांडणात पडलो तर गावात येणं-जाणं अवघड होईल, आणि कर्ज हा आमचा विषय नाही. पण दर बुधवारी तोच घाव बसणार असेल तर गोळीने किती भरून येणार?

दुसरा मार्ग घरातूनच आला. सुमनताईंचा भाऊ म्हणत होता, सोनं गहाण ठेवून तिन्ही कर्जं एकदाच मिटवू. हिशोब मांडला तर मंगळसूत्र आणि कानातलं मिळून तिसरं कर्जसुद्धा पुरतं फिटत नव्हतं. नवऱ्याच्या मनात पुण्याकडे रखवालदारीला जायचं होतं. महिन्याला पैसे सुरू झाले असते, पण मरणाचे विचार येणाऱ्या बाईला सासू आणि दोन मुलांसह एकटं ठेवून तो जाणार होता. मी याला विरोध केला. आजही तो बरोबर होता असं वाटतं.

तिसरा मार्ग तक्रारीचा. रिझर्व्ह बँकेचे अशा छोट्या बिनतारण, म्हणजे सूक्ष्म कर्जांचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. वसुली ठरलेल्या जागीच करायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही तरच घरी जाता येतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही. नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. सुमनताईंच्या हप्त्यांचा भार उत्पन्नाच्या ७५ टक्क्यांवर होता. हे कसं झालं ते कर्जाचे कागद पाहिल्यावर कळलं. अर्जावर घराचं मासिक उत्पन्न २४,००० लिहिलेलं होतं. अंगठ्याजवळच्या त्या आकड्याबद्दल सुमनताईंना काहीच माहिती नव्हती.

चौथा मार्ग गटाकडे जाण्याचा होता. तो तेव्हा कुणीच नीट मांडला नाही. तो आम्हाला उशिरा सुचला.

पहिले सहा आठवडे

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी केल्या. फवारणीचं सगळं औषध दिराच्या रानातल्या कुलपाच्या खोलीत हलवलं. नवऱ्याला कारण अर्धंच सांगितलं: “ताईंची तब्येत नाजूक आहे, घरात विष नको.” त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. डॉक्टरांनी सर्ट्रालीन हे नैराश्याचं औषध सुरू केलं आणि फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर सोडायचं नाही, हे नीट समजावलं. आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मुलीच्या मोबाइलमध्ये घातला. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

समुपदेशनाची पद्धत आम्ही गोव्यात ‘संगाथ’ने विकसित केलेल्या पद्धतीवर बेतली. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना बरं व्हायला मदत केली. गाभा साधा आहे. मन उदास झालं की माणूस एकेक काम सोडतो, आणि काम सुटलं की मन आणखी उदास होतं. हे उलट फिरवायचं असेल तर ठरवून एकेक छोटं काम परत सुरू करायचं. सुमनताईंचं पहिलं काम ठरलं उजेडात दळण आणायचं. पहिल्या आठवड्यात ते जमलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आशाताई सोबत गेल्या.

आशाताईंचं काम मी वरवर सांगणार नाही. त्या दर मंगळवारी संध्याकाळी सुमनताईंकडे चहाला जायच्या. मोबदल्याच्या कुठल्याही यादीत हे काम बसत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. तो बदल गावातल्या माणसांनीच घडवला. इथे आमच्या वाट्याला अशी एकच बाई होती, पण ती पुरेशी होती.

माझी चूक

चौथ्या आठवड्यात मी सुमनताईंवर तिसरं कर्ज नवऱ्याला सांगायचा आग्रह धरला. लपवण्याच्या ओझ्यानेच त्यांची झोप जाते आहे असं मला वाटत होतं, आणि ते खरंही होतं. पण मी वेळ चुकवली. औषधाचा परिणाम नुकता कुठे दिसू लागला होता. सांगायचं कसं, आधी काय आणि नंतर काय, नवरा चिडला तर कुणी थांबवायचं, याची तयारी मी करून घेतली नाही. त्या “बघते” म्हणाल्या आणि मी तो होकार धरला.

त्यांनी रात्री सांगितलं, तेही सासूसमोर. नवरा मारहाण करणारा माणूस नाही, त्याने हात उचलला नाही. पण “माझ्या माघारी गावभर अंगठे देत फिरतेस” हे वाक्य त्याने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं. सकाळी सुमनताई माहेरी निघून गेल्या. गोळ्या घरीच राहिल्या. आठ दिवस त्या औषधाविना होत्या, आणि पहिले दोन दिवस त्या कुठे आहेत हे मलाच माहीत नव्हतं. ते दोन दिवस मी विसरणार नाही. त्यांच्या भावाच्या फोनवर आवाज ऐकला तेव्हा मी रुग्णालयाच्या पायरीवर बसून रडले.

नवऱ्याला मी एकट्याला भेटायला हवं होतं, आणि ते आधीच. नंतर भेटले तेव्हा कळलं की तो स्वतः तीन महिने नीट झोपलेला नव्हता. व्यापाऱ्याकडून ३२,४०० रुपये हातात घेतल्यापासून तो कुणाशी मोकळं बोलला नव्हता. “मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मलाबी ठाऊक न्हाई,” असं तो म्हणाला. त्याचे पीएचक्यू-९ चे गुण ११ आले. घरातला दुसरा रुग्ण माझ्यासमोर खुर्चीत बसून गेला होता आणि मी त्याला फक्त ‘नवरा’ म्हणून पाहिलं होतं.

गटाची बैठक

सुमनताई परत आल्या त्या जावेमुळे. जाऊ स्वतः माहेरच्या गावी गेली आणि त्यांना घेऊन आली. ओसरीवर बसून राहिलेल्या नऊ जणींपैकी एकीने आपणहून पाऊल उचललं, तेव्हा आशाताईंनी मला विचारलं, “मॅडम, बाकीच्या बायांना कुणी विचारलंय का?”

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात समाजमंदिरात दहा जणी जमल्या. सुमनताईंचं आजारपण त्या बैठकीचा विषय करायचा नाही, हे त्यांच्याशी बोलून आधीच ठरलं होतं. विषय एवढाच ठेवला: प्रत्येकीने कर्जाची कार्डं घेऊन यायची, बेरीज करू. खडूने फरशीवर हिशोब मांडला. दहांपैकी सातजणींवर दोनपेक्षा जास्त कर्जं निघाली. मग झोपेचा विषय निघाला, तो मी काढला नव्हता. एकजण म्हणाली, “मंगळवारी मलाबी जेवण जात न्हाई.” तिच्यासारख्या आणखी चौघी निघाल्या. सुमनताई तोवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढे सरकून त्यांनी आपली बेरीज स्वतः लिहिली.

पुढची पावलं त्या बायकांनी ठरवली. दोन्ही कंपन्यांच्या शाखेत दहाही जणी एकत्र गेल्या, सोबत तालुका विधी सेवा समितीचे वकील होते. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न घालता मोफत मिळते. मागण्या तीन होत्या: वसुली समाजमंदिरात सकाळी दहाला, बैठक अर्ध्या तासात संपवायची, आणि ज्यांचा भार उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर आहे त्यांची मुदत वाढवायची. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीसाठी तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तिसऱ्या कर्जाच्या कंपनीला सुमनताईंनी लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, हे त्या अर्जातच लिहिलं. चोविसाव्या दिवशी उत्तर आलं. रात्रीचं येणं थांबलं, हप्ता मात्र तोच राहिला.

मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर उत्पन्नाच्या दाखल्याअभावी अडकला होता. तहसीलमधून तो दाखला काढायला दोन दिवस लागले. या घरात कागदाचं काम करणारं कुणी मोकळं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

निकाल

जुलै २०२५ मध्ये सुमनताईंचे गुण ७ होते. झोप लागते, जेवण जातं, दळण दुपारी येतं. औषध सुरू आहे आणि बरं वाटू लागल्यावर ते लगेच थांबवायचं नाही हे त्यांना माहीत आहे. नवरा दोनदा येऊन गेला, त्याला औषधाची गरज लागली नाही.

हप्ता आठवड्याला १,५६० वरून १,२२० वर आला. हा आकडा मोठा वाटत नाही, आणि तो मोठा नाहीच. उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत तो अजूनही बसत नाही, आणि मुदत वाढल्याने एकूण व्याज वाढलं आहे. तरी सुमनताईंना फरक पडला, कारण आता हप्ता चुकला तर काय होईल हे त्यांना माहीत आहे आणि ओसरीवर कुणी बसून राहत नाही. तिसरं कर्ज नोव्हेंबर २०२५ मध्ये संपायचं होतं. ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचत गटातून बँकेचं ७ टक्क्यांचं कर्ज मिळू शकतं. ते आधीच मिळालं असतं तर चोवीस टक्क्यांच्या दारात जावं लागलं नसतं. पण गावातला तो गट हिशोबाच्या वादातून दोन वर्षं बंद होता. तो पुन्हा सुरू करण्यासाठी जावेने पुढाकार घेतला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

केसपेपरवर तारखेशेजारी वार लिहायला मी आता सुरुवात केली आहे, आणि हप्त्याचा वारही विचारते. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना याचा दोष देणं मला पटत नाही. सकाळी शंभर रुग्ण असताना पाच केसपेपर शेजारी ठेवून पाहायला वेळ कुणाला आहे? पण नोंदवहीत कर्जासाठी एक रकाना असता तर डिसेंबरातच हे कळलं असतं.

नवऱ्याला पहिल्या आठवड्यात स्वतंत्र भेटेन. लपवलेली गोष्ट सांगायची की नाही, कधी आणि कुणासमोर, हे बाईलाच ठरवू देईन, आणि तिने ठरवलं तर ते शब्द आधी माझ्यासमोर दोनदा बोलून घेईन.

गटाकडे पहिल्या महिन्यातच जाईन. एक भीती होती आणि ती आजही आहे: गटात विषय काढला तर आजारी बाईचं नाव गावभर होतं. म्हणून हिशोबापासून सुरुवात करणं हाच मार्ग मला ठीक वाटतो.

त्या दिवशी “मलाबी” म्हणणाऱ्या पाचजणींपैकी चौघी नंतर रुग्णालयात येऊन गेल्या. पाचवी आली नाही. एप्रिलमध्ये ती नवऱ्यासोबत पुण्याकडे गेली, आशाताईंकडे असलेला तिचा नंबर लागत नाही. घराला कुलूप आहे, आणि दर बुधवारी तिचा हप्ता बाकीच्या नऊ जणी वाटून भरतात.